जिभली

मला मदत केली ती वामनराव कुलकर्णी यांनी. हे नाव आधीच लिहून ठेवते. पुढचं सांगताना माझं चित्त थाऱ्यावर राहील याची मला खात्री नाही, आणि सगळं सांगून झाल्यावर नेमकं हेच नाव राहून गेलं तर फार वाईट होईल. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. पण वामनरावांना त्याचं काही वाटलं नसतं, कारण त्यांचं स्वतःचं मराठी लिहिणं माझ्याहून कच्चं होतं. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला असता आणि एवढंच विचारलं असतं, "हां. मतलब काय?"

हा त्यांचा रोजचा प्रश्न. तेव्हाच्या औरंगाबादेत, मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांब बैठी इमारत होती. डॉक्टरकीची पोरं तिथं माणसाचं शरीर शिकायची. तिथल्या एका दालनात काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या, आणि बरण्यांत औषधी पाण्यात ठेवलेले माणसाचे अवयव. त्या दालनाच्या किल्ल्या वामनरावांकडं. हुद्दा म्हणाल तर शिपायाच्या जरा वर. पण सगळे त्यांना मुन्शीजी म्हणायचे. एप्रिलच्या उन्हातसुद्धा गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी शेरवानी, कोपरावर विटलेली. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं सुतळी. तोंडात कायम एक लवंग, कारण त्या औषधी पाण्याचा वास नाकातून जात नसे. मुन्शीजी जवळून गेले की आधी लवंग यायची आणि तिच्यामागून तो वास.

घरी संध्या करायचे आणि पाढे उर्दूत म्हणायचे. पेपरही उर्दू वाचायचे. निजामाच्या राज्यात शाळाच तशी होती. दवाखान्यातला गोविंदा शिपाई त्यांना तोंडावर 'मौलवी भटजी' म्हणायचा. मुन्शीजी त्यालाच उलट विचारत, "मौलवी म्हणजे काय, सांग. भट म्हणजे काय, तेही सांग. दोन्ही सांगितलंस तर चहा माझा." गोविंदाला त्यांचा चहा कधीच मिळाला नाही.

त्यांना शब्दांचं वेड होतं. हाडांची, नसांची नावं परक्या भाषेतली. पोरं ती पाठ करून परीक्षा द्यायची आणि विसरायची. मुन्शीजी एखाद्या पोराला दारात अडवायचे. "नडगीच्या हाडाला काय म्हणतो? टिबिया. मतलब काय? नाही ना माहीत? बासरी. त्या लोकांनी हाडाच्या बासऱ्या केल्या होत्या." माकडहाडाचं नाव कोकिळेच्या चोचीवरून. दंडाच्या मांसाला त्यांचा शब्द म्हणजे उंदराचं पिल्लू. "कातडीखाली उंदीर पळतोय असं वाटलं त्यांना," मुन्शीजी म्हणायचे. "आपल्याकडं बेटकुळी. आपल्याला बेडकी दिसली. माणूस सगळीकडं सारखाच, जनावर तेवढं वेगळं." पोरं हसत निघून जायची. बहुतेकांना उशीर झालेला असायचा.

मला ही सगळी माहिती नंतर झाली. मी त्या आवारात पहिल्यांदा गेले ती एका शब्दापायी.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. धानाचा, म्हणजे भाताचा मुलूख. माझा नवरा देवराम वाळूजला कारखान्यात लागला होता. वाळूज तेव्हा नुकतं वसत होतं. कारखान्यांच्या मधे अजून बाभळी होत्या. त्याचं काम ओतीव लोखंडाचे तुकडे रेतीच्या फवाऱ्यानं घासून साफ करायचं. तोंडाला फडकं बांधून जायचा आणि घरी यायचा तेव्हा फडक्याच्या आतूनही दाढी पांढरी. दोन वर्षांत खोकला लागला. मग एक दिवस मोरीत लाल पडलं. शहरातल्या एका खासगी जागी छातीचा फोटो काढला. तिथल्या माणसानं टाइप केलेला कागद दिला आणि सांगितलं, हा घेऊन सरकारी दवाखान्यात जा, औषध सुरू करा. तो बोलला ते अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. आम्ही मान हलवली.

आमच्या शेजारच्या खोलीत गंगाधर राहायचा, चितेगावचा, देवरामच्याच पाळीला. वाईट माणूस नव्हे. आम्ही तिथं परके, तर पहिल्या दिवशी त्यानंच आम्हाला घागर दिली होती. दहावीपर्यंत शिकलेला, म्हणून चाळीतले सगळे कागद त्याच्याकडं जायचे. रविवारी सकाळी तो ओट्यावर बसून आमचा कागद वाचायला लागला. एकेक अक्षर बोटानं दाबून.

"पॅच. पॅच म्हंजी डाग. लेफ्ट, म्हंजी डाव्या अंगाला. आन हे... लिं-गु-ला. लिंगुला." तो थांबला. परत वाचलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वैनी, जरा आत जा बरं."

मी आत गेले. पत्र्याची भिंत, तिच्यातून काय ऐकू येत नाही?

"देवराम, भावा, हे लिंगाला लिव्हलंय. डाग लिंगाला हाय."

"छातीचा फोटो काढला होता ना जी," देवराम म्हणाला.

"मशीन हाय ते. त्याला समदं दिसतं. रक्तातून वर चढलं आसंल. लई लोकायला व्हतं, बाहेरगावी राहून. तू कुणाला सांगू नको. बस स्टँडाजवळ एक वैद्य बसतो, गुप्तरोगवाला. सरकारी दवाखान्यात गेला तर पुकारा व्हतो नावाचा."

देवराम वाद घालेल असं मला वाटलं होतं. तो गप्प राहिला. लग्नाआधी तो दोन वर्षं नागपुरात हमाली करायचा. तिथं काय झालं, काही झालं की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पण त्याच्या त्या गप्प राहण्यानं माझं ठरलं. मीही तो शब्द खरा मानला. हे लिहायला मला अवघड जातं, पण मुन्शीजींबद्दल लिहायचं तर हे लपवून चालणार नाही. त्या दिवसापासून मी त्याचं ताट वेगळं केलं. त्याचे कपडे काडीनं उचलायला लागले. तो आपलं ताट आपण घासून उन्हात उपडं घालायचा.

चार महिने गेले. स्टँडाजवळच्या त्या तंबूतल्या वैद्याच्या राखाडी पुड्या, दुधातून. देवराम वाळत गेला. पाळीची बस चढताना दांडा धरून उभा राहायचा, मग चढायचा. आमच्याच गावचं एक पोरगं वाळूजला कामाला होतं, ते पोळ्याला गावी गेलं आणि बातमी तिकडंही पोचली. मोठ्या दिरांचं पत्र येणं बंद झालं.

एक दिवस तो पायरीवर बसून खोकला आणि पायरी धुवावी लागली. मी तो कागद घेतला आणि एकटी दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या माणसानं मोठ्यांदा विचारलं, "काय तक्रार आहे?" माझ्या मागं लांब रांग. माझ्या तोंडून शब्द निघेना. रांगेतून बाहेर आले. परत लागले, परत तेच. तिसऱ्यांदा बाहेर आले आणि चालत चालत मागच्या इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

किल्ल्या वाजवत एक म्हातारा आला. "बाई, इथं बसू नका, पोरांचा लोंढा येईल आता." मी उठायला लागले तर म्हणाला, "कागद कसला आहे?"

मी तो अशी घडी घालून आणला होता की बाकी सगळं आत जावं आणि तेवढाच शब्द वर राहावा. म्हणजे बोलायला नको, नुसतं बोट ठेवायचं. मी बोट ठेवलं. "हे कोणत्या डॉक्टरला दाखवायचं?"

त्यांनी कागद लांब धरला. "लिंग्युला," ते म्हणाले, अगदी मायेनं, एखाद्या नातीचं नाव घ्यावं तसं. "मतलब काय, माहीत आहे?"

मी पदर तोंडावर घेतला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, घडीकडं पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. हसले नाहीत. म्हणाले, "जीभ दाखवा."

मला वाटलं, म्हातारा फिरलेला आहे. तर त्यांनी स्वतःच जीभ बाहेर काढली, लवंगेसकट, आणि तिच्यावर बोट ठेवलं. मग जीभ आत घेऊन म्हणाले, "ही लिंग्वा. रोमच्या लोकांची. लिंग्वा म्हणजे जीभ. आणि लिंग्युला म्हणजे एवढीशी जीभ, जिभली. आपल्या डाव्या फुफ्फुसाला खालच्या कडेला अशी एक जिभली असते. उजव्याला नसते. डावीकडं काळजानं जागा अडवलेली, म्हणून उरलेल्या जागेत ती अशी पुढं आलेली असते, काळजाला चाटत. तुमच्या माणसाच्या त्या जिभलीवर डाग आहे. छातीचा आजार. दुसरं काही नाही."

मी पदर तोंडावरून खाली घेतला.

"किती दिवस झाले?"

"चार महिने."

तेव्हा मात्र ते खाली बसले. किल्ल्या मांडीवर ठेवल्या.  आतून पोरं हाका मारत होती, दालन उघडायचं होतं. मुन्शीजींनी कधी दालन उशिरा उघडलं असेल तर तेवढ्या एकाच दिवशी.

मी घरी येऊन देवरामला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. त्याला वाटलं, बायको समजूत घालतेय. "कोणं सांगितलं? डॉक्टरनं? शिपायानं ना?" दवाखान्यात चल म्हटलं तर भिंतीकडं तोंड करून निजला. दुसऱ्या दिवशी मी परत त्या पायऱ्यांवर. मुन्शीजी म्हणाले, "उद्या माझी सुट्टी आहे. पत्ता सांगा."

आले. बसनं, छत्री घेऊन, शेरवानी घालून. आमच्या चाळीत तसला माणूस कधी आलेला नव्हता. पोरं मागं मागं आली. गंगाधर त्याच्या दारात उभा. मुन्शीजी खाटेशी बसले, आणि त्यांनी आधी आपला डाव्या पायातला बूट काढून देवरामच्या पुढ्यात धरला. जुना, नाड्यांचा बूट. त्यातला चामड्याचा पट्टा बाहेर ओढला.

"ह्याला काय म्हणतात तुमच्याकडं?"

"जीभ," देवराम म्हणाला. "बुटाची जीभ."

"दुरुस्त. बरोबर. रोमचा शिपाईही हेच म्हणायचा. लिंग्युला. पुढं बोलता बोलता त्यांचा त्यातला 'न' गळाला आणि लिग्युला झालं. कुणी म्हणालं तो शब्द चाटण्यावरून आला, कुणी म्हणालं बांधण्यावरून. दोन्ही एकात मिसळलं. आणि खरं सांगू का, लिंग्वासुद्धा मुळात डिंग्वा होतं. चाटण्याच्या शब्दाचा कान लागला आणि ड चा ल झाला. म्हणजे हा शब्दच पहिल्यापासून लोकांच्या चुकांनी बनलेला आहे." मग त्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. "त्यात ह्या भावानं आणखी एक चूक घातली. चुकून 'लिंगाला' वाचलं. त्याचा दोष नाही. आपल्या मराठीत 'ला' लागतोच." परत देवरामकडं वळून, "तुमच्या भंडाऱ्याकडं 'ले' म्हणतात ना? घराले, गावाले? हा कागद तिकडं वाचला असता तर हा घोटाळा झालाच नसता बघा."

देवराम हसला. चार महिन्यांनी. हसता हसता खोकला आला, तो थांबेना, आणि मी त्याच्या तोंडाशी आमचंच, माझं स्वतःचं ताट धरलं. मुन्शीजींनी दुसरीकडं पाहिलं. गंगाधर दारातून नाहीसा झाला. नंतर कळलं, तो मागं जाऊन मोरीत डोकं धरून बसला होता.

"मंग मले ते नाही?" देवरामनं विचारलं.

"नाही."

"नक्की ना जी?"

"नक्की. शब्दाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. बाकी बाबतीत बोलतो कधीकधी."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. गंगाधरनं त्याला पाठीवर घेऊन बसमधे चढवलं. इंजेक्शनं सुरू झाली, रोज एक, नव्वद घ्यायची होती. मुन्शीजी रोज दुपारी वॉर्डात चक्कर टाकायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. देवराम शेजारच्या रोग्यांना सांगायचा, "मले जिभलीले झालं आहे." मोठ्यानं सांगायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता नुसती ती जिभली राहिली नाही, दोन्हीकडं पसरलंय. त्यात रेतीही बसलेली आहे. चार महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती.

एकेचाळीस इंजेक्शनं झाली.

त्याला इथंच जाळावं लागलं. मोठे दीर सीताराम चौथ्या दिवशी आले. राखेचं गाडगं खोलीबाहेर पिंपळाच्या फांदीला टांगलेलं होतं. ते खोलीत आले नाहीत, ओट्यावर उभे राहिले. पाणीही घेतलं नाही.

"राख इथंच कोणत्या नदीले सोडून दे," ते म्हणाले. "वैनगंगेत नको. गावात तोंड दाखवाले जागा नाही राहिली. आन् तू माहेरी जा. घरात लेकीबाळी आहेत माह्या."

"भाऊजी, तसं काही नव्हतं."

"कागदावर लिहिलं होतं म्हणतात."

देवराम गेला त्याचं दुःख होतंच. पण त्या घडीला मला वाटलं की तो जाऊनही तो शब्द इथंच उरलाय, गाडग्यात राखेबरोबर बसलाय. तो निघाल्याशिवाय देवराम आपल्या नदीला मिळणार नाही. मी काय सांगणार? सातवी शिकलेली, त्यातून त्याची बायको. मी म्हटलं, "माझ्यावर भरवसा ठेवू नका. एका माणसाला भेटा फक्त. मग तुम्ही म्हणाल तसं."

मुन्शीजींनी त्यांना दालनात नेलं. मीही मागून गेले. दीर दारातच अडखळले, त्या वासानं आणि समोर जे होतं त्यानं. मुन्शीजींनी त्यांचा हात धरला आणि एका बरणीपुढं उभं केलं. आत राखाडी, स्पंजासारखं काही. कडेला खाली पुढं आलेलं एक टोक.

"हे कुणाचं आहे मला माहीत नाही. बेवारशी होता. ह्याला मी तीस वर्षं रोज पुसतो. हे डावं फुफ्फुस. आणि ही," त्यांनी काचेवर नखानं टिचकी मारली, "ही जिभली. तुमच्या भावाला इथं झालं होतं. आता जीभ दाखवा."

दिरांनी माझ्याकडं पाहिलं. पन्नाशीचा माणूस, गावात पाच लोकांत मान असलेला. मुन्शीजींनी आपली जीभ काढली आणि तशीच ठेवली. शेवटी दिरांनीही काढली. बरणीपुढं ते दोघे जिभा काढून उभे होते, आणि आतलीही एक. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"सारखी आहे का?" मुन्शीजींनी विचारलं.

"हो जी."

"मग जीभ लाज वाटण्यासारखी आहे का?"

दीर खाली बसले, तिथंच फरशीवर, आणि रडले. भाऊ गेल्याचं त्यांना तेव्हा कळलं असं मला वाटतं. चार दिवस त्यांना नुसती बदनामी कळली होती. जाताना रेल्वेत त्यांनी गाडगं वर सामानात ठेवू दिलं नाही. सबंध वाट मांडीवर घेऊन बसले. भंडारा येईपर्यंत दोनदा मला म्हणाले, "जिभली म्हणजे आपल्या धानाले असते तशीच ना व?"

आपल्या धानाला. ते मला सुचलंच नव्हतं.

गावात मी तेरावा होईपर्यंत राहिले, आणखी पंधरा दिवस राहिले. पण तिथं माझ्यासाठी काम नव्हतं आणि माझ्याकडं बघणाऱ्या नजराही पुरत्या निवळल्या नव्हत्या. परत आले. मुन्शीजींनी खटपट करून मला त्या इमारतीत रोजंदारीवर झाडलोटीला लावून घेतलं. बरण्यांचं दालन मीच पुसायचे. पहिले काही दिवस ती एक बरणी सोडून पुसायचे. ते त्यांच्या लक्षात आलं. ती तेवढी ते स्वतः पुसायला लागले, आता मी पुसू का असं मी विचारेपर्यंत.

एकदा दुपारी चहा बशीत ओतताना मी त्यांना धानाचं सांगितलं. आमच्याकडं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, धानासारखंच दिसणारं एक तण येतं. पान तसंच, रंग तसाच. दाणे धरल्याशिवाय पुरुषांना ओळखू येत नाही. पण निंदणाऱ्या बाया ओळखतात. पान काडीला जिथं चिकटतं तिथं धानाला एक पातळ, पांढरी जीभ असते, टोकाला दुभंगलेली. तणाला ती नसते. माझ्या आईनं मला सहा वर्षांची असताना शिकवलं होतं, बोटानं चाचपून बघायचं: जीभ लागली तर ठेव, नाही लागली तर उपट.

मुन्शीजींनी बशी खाली ठेवली. "परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी कपाट उघडून आतून एक जाड वही काढली, काळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची. उजवीकडून उघडणारी. त्यात सगळं उर्दूत. तीच त्यांची लुगत, म्हणजे शब्दांचा कोश. तरुणपणापासून लिहीत आणलेली. प्रत्येक शब्दाचा मतलब, तो कुठून आला, वाटेत काय काय झालं त्याचं. त्यांनी एक पान काढलं, दौतीत टाक बुडवला आणि लिहायला लागले. तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग खाली आणखी काहीतरी लिहिलं.

"हे काय?"

"रावी: कुंदाबाई. रावी म्हणजे ज्यानं सांगितलं तो. ज्यानं सांगितलं त्याचं नाव ठेवावं लागतं, नाहीतर ती चोरी होते."

शाळेच्या हजेरीनंतर माझं नाव कुणी वहीत लिहिलं ते हेच, आणि ते मला वाचता येत नव्हतं.

त्याच दुपारी मी विचारलं, तुम्ही डॉक्टर का नाही झालात. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. हैदराबादला तेव्हा डॉक्टरकी उर्दूतून शिकवत. ते दुसऱ्या वर्षाला होते. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गोंधळात काही महिने गावी राहिले, वडिलांची दफ्तरातली नोकरी गेली. परत गेले तेव्हा शिकवणं इंग्रजीतून सुरू झालेलं. "एका दिवसात मी अडाणी झालो," ते म्हणाले. "सगळं येत होतं, फक्त ते ज्या भाषेत येत होतं ती भाषा गेली. इथं नोकरीला लागलो तेव्हा साहेबानं माझे दाखले उलटे धरून पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाला, हे कोण वाचणार. मी म्हटलं, बरोबर आहे." मग म्हणाले, "तुमचीही शाळा मधेच सुटली. माझीही. म्हणून म्हणतो, मतलब विचारत राहा. शाळा सुटली तरी ते करता येतं."

निवृत्त होताना त्यांनी ती वही तिथल्या वाचनालयात द्यायला काढली. तिथल्या कारकुनानं दोन पानं चाळली आणि म्हणाला, "मुन्शीजी, ही कुठल्या खान्यात ठेवू?" त्यांनी ती परत शेरवानीच्या आत घातली. मग ठरलं, ते सांगतील आणि मी मराठीत उतरवून घेईन. रविवारी दुपारी त्यांच्या घरी. ते वाचायचे, मी वहीत लिहायचे, चुकत. ते मात्रा-वेलांटी कधी बघायचे नाहीत. पण मी न समजता काही लिहिलं की त्यांना कसं कळायचं कोण जाणे. "कुंदाबाई, टाक थांबवा. मतलब काय, सांगा आधी."

तेवीस पानं झाली आणि त्यांची नजर गेली. आधीच अंधूक होती, काचबिंदू म्हणाले. पानावर बोट ठेवून ते बसायचे. आपण लिहिलेलं त्यांना दिसायचं नाही आणि मला यायचं नाही. वही दोघांच्या मधे उघडी पडलेली असायची. दोन-तीन रविवार आम्ही तसेच बसलो.

मुलगा हैदराबादला होता, तो न्यायला आला. मी बस स्टँडवर गेले. तंबूतला तो वैद्य अजून तिथंच होता. त्याच्यापुढं एक तरुण मुलगा मान खाली घालून बसलेला. मुन्शीजी खिडकीशी बसले होते, शेरवानीच्या सगळ्या गुंड्या लावून. मी खिडकीखाली उभी राहिले आणि म्हटलं, "मुन्शीजी, मी आलेय." त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली वही खिडकीतून बाहेर दिली. माझ्या हातात आली की नाही हे चाचपून बघितलं.

"कितव्या पानावर होतो आपण?"

"तेवीस झाली. चोविसावं."

"दुरुस्त," ते म्हणाले.

बस सुरू झाली.  दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसापुढं झालं होतं तसंच, माझा शब्द निघेना. त्यांना ते कळलं असावं, कारण बस वळताना त्यांनी माझ्या दिशेनं, म्हणजे मी असेन असं त्यांना वाटलं त्या दिशेनं, तोंड केलं आणि जीभ बाहेर काढली. मी होते तिथून ते दोन हात चुकले होते. मागच्या सीटवरची बाई दचकून बघायला लागली. मुन्शीजींनी जीभ तशीच ठेवली, बस फाटकाबाहेर जाईपर्यंत. मीही काढली. त्यांना दिसणार नव्हती तरी.

त्यानंतर दोन पत्रं मुलाकडून आली, मग तीही थांबली. ते आहेत की नाहीत मला ठाऊक नाही. विचारायला भीती वाटते म्हणून मी विचारलेलं नाही.

गेल्या दोन वर्षांपासून मी उर्दू शिकते. आमच्या गल्लीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात, त्या शिकवतात. या वयात हात वळत नाही. पण आता अक्षरं सुटी सुटी ओळखू येतात. परवा मधली पानं सोडून थेट 'लाम'चं, म्हणजे 'ल'चं पान उघडलं. बोट ठेवून, एकेक अक्षर दाबून, गंगाधर वाचायचा तसं वाचलं. फरक इतकाच की प्रत्येक शब्दाला थांबून मतलब विचारला. लिंग्युला. जीभ. बूट. फुफ्फुस. धान. आणि खाली, शाई फिकी झालेली: रावी, कुंदाबाई.

मुन्शीजी, दोनशे सहा पानं बाकी आहेत. मी सगळी मराठीत उतरवणार, एकही शब्द न समजता लिहिणार नाही. आणि पहिल्या पानावर, ज्यानं सांगितलं त्याचं नाव ठेवणार.